सैल अंगठी

बापाचा धंदा मुलाला न शिकवितां कळतो असें आपण म्हणतों, आणि तें बहुतांशीं खरेंहि आहे. वैद्याच्या घरांतील मूल पाळण्यांत असतांनाच सुंठ-मिऱ्याचा वास ओळखूं लागतें. सोनाराचें मूल फुंकणी आणि सांडशी हींच आपलीं पहिलीं खेळणीं समजतें. आणि शिक्षकाच्या मुलाला तर बापाच्या पावलांच्या आवाजावरूनच आज वर्गांत काय झालें असावें याचा अदमास करतां येतो. परंतु ज्यानें कोणाच्या डोळ्यांवर येतां कामा नये असाच ज्याचा धंदा, त्याच्या मुलानें काय शिकावें? आमचे वडील हेरखात्यांत होते. हें वाक्य आम्ही वयाच्या सत्तरीनंतर प्रथमच कागदावर लिहीत आहों, आणि लिहितांना एकवार दाराकडे पाहिलें हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं.

शाळेंत दर वर्षीं एक छापील कागद भरून द्यावा लागे. त्यांत ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असे. शेजारचीं मुलें त्यांत ‘वकील’, ‘पोस्टमास्तर’, ‘किराणा दुकान’ असें ठसठशीत लिहीत. आमच्या रकान्यांत ‘सरकारी नोकरी’ एवढेच दोन शब्द असत. गुरुजी विचारीत, “अरे, पण कोणत्या खात्यांत?” आम्ही पढविल्याप्रमाणें सांगत असूं, “हिशेबाच्या.” नाना (आम्ही वडिलांना नाना म्हणत असूं) हिशेबांत अगदींच कच्चे होते, वाण्याचें बिल आईच तपाशीत असे. लहानपणीं खोटें बोलल्याबद्दल आम्हांला इतर मुलांप्रमाणेंच मार बसला. पण या एका खोट्याबद्दल मात्र शाबासकी मिळे. दोहोंतील फरक समजावून घेण्यांत आमचें बरेंचसें बाळपण खर्च झालें.

आपल्या समाजाचें या धंद्याशीं वागणें मोठें चमत्कारिक आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वींचा हेर आपल्याला वंद्य वाटतो. शेजारच्या घरांतला मात्र नकोसा वाटतो. महाराजांनीं १६६४ च्या जानेवारींत सुरत लुटली, त्या प्रसंगांत सभासदाच्या बखरींत बहिरजी जाधवाचें नांव येतें; सांगली जिल्ह्यांतील बाणूरगडावर त्याची समाधि दाखवितात, आणि तिला हात जोडल्याखेरीज कोणी पुढें जात नाहीं. परंतु बहिरजी स्वारीवरून कधीं परतेल हें त्याच्या घरीं कोणास ठाऊक असे, त्याच्या मुलांना गांवांतलीं पोरें काय विचारीत, आणि तीं काय उत्तर देत, याबद्दल आमच्या शाळेच्या पुस्तकांत एक अक्षर नव्हतें. आम्हांला त्या धड्यांत तेवढीच एक गोष्ट हवी होती.

दुसऱ्या बाजूला आमचे आजोबा होते. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस लोकमान्यांचीं स्वराज्यावरील व्याख्यानें अहमदनगरास झालीं, तेव्हां आजोबा श्रोत्यांत होते. तीं दोन व्याख्यानें आणि बेळगांवचें एक, अशा तिहींचा सरकारी माणसांनीं उतरून घेतलेला मजकूर पुढें करून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यांत आला. तो हुकूम त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईच्या हायकोर्टानें रद्द केला. व्याख्यानांतलीं वाक्यें आजोबांना पुढें आठवत नसत. पण कोपऱ्यांत मान खालीं घालून भराभर लिहीत बसलेला मनुष्य त्यांना जन्मभर आठवला. इंग्रजांनीं १८८७ सालीं ठगी व दरोडे यांच्या खात्याच्या आश्रयानें सुरू केलेली एक लहानशी शाखा पुढें वाढली, १९२० पासून तिला ‘इंटेलिजन्स ब्यूरो’ म्हणूं लागले, आणि १९४७ सालीं टी. जी. संजीवी पिल्ले हे तिचे पहिले हिंदी प्रमुख झाले, हा इतिहास आम्ही पुढें वाचला. आजोबांना तो वाचण्याची गरज नव्हती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा थोरला मुलगा अशाच एका खात्यांत शिरला, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “राज्य बदललें हें मला मान्य आहे. पण दाराला लावलेला कान तोच ना?” नानांनीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर न देणें हा त्यांचा स्वभाव होता कीं त्यांची नोकरी, हें तेव्हांहि आम्हांला कळलें नाहीं आणि पुढेंहि कधीं नीटसें कळलें नाहीं.

आमच्या घरचे नियम थोडे पण पक्के होते. वडील कोठें गेले असें कोणी विचारल्यास ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें. आणि तें खोटें ठरूं नये म्हणून आम्हांला कांहीं ठाऊक होऊं न देण्याची व्यवस्था नाना स्वतः करीत. त्यांच्या हातचा कागदाचा कपटादेखील टोपलींत पडत नसे. सकाळीं न्हाणीघरांत तांब्याचा बंब पेटवितांना ते स्वतः जवळ बसत आणि खिशांतली चिटोरीं एकेक करून जाळींत घालीत. फोटो काढावयाचा म्हटला कीं यंत्र त्यांच्याच हातांत असे, त्यामुळें आमच्या घरच्या सर्व फोटोंत आई आहे, आम्हीं भावंडें आहों, एकांत तर शेजाऱ्यांची गायहि आहे, नाना नाहींत.

मात्र त्यांनीं आम्हांला एक विद्या दिली. रविवारीं सकाळीं बाजारांत घेऊन जात आणि घरीं आल्यावर पुसत : कोपऱ्यावरच्या शिंप्याचें दुकान उघडें होतें का? पाणी भरणाऱ्या बाईची घागर भरलेली होती कीं रिकामी? आपल्या दारांत ज्या चपला पाहिल्या, त्यांना चिखल कोणत्या रंगाचा होता? बरोबर उत्तर दिलें तर एक आणा मिळे. ज्या घरांत कांहीं सांगितलें जात नाहीं, तेथें पाहूनच सारें समजून घ्यावें लागतें. आम्ही त्यांत लवकरच तरबेज झालों. या तरबेजपणानेंच पुढें घात केला.

१९६२ सालीं नानांची नेमणूक आसामांत ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरील एका गांवीं होती. आम्ही नऊ वर्षांचे होतों. पत्र्याच्या छपराचें घर, छपरावर दिवसरात्र वाजणारा पाऊस, आणि संध्याकाळीं उघडीप पडली कीं फाटकाशीं येणारा एक फेरीवाला, एवढें आमचें जग होतें. त्याच्या गळ्यांत कांचेचें झांकण असलेली पेटी असे आणि तींत रंगीबेरंगी पेपरमिंटें असत. एके दिवशीं त्यानें आम्हांला एक पेपरमिंट फुकट दिलें आणि हिंदींत सहज विचारलें, “बाबूजी दिसत नाहींत?” आम्हीं नियमाप्रमाणें ‘ठाऊक नाहीं’ म्हटलें. तो हसला आणि म्हणाला, “एवढ्या हुशार मुलाला ठाऊक नाहीं?”

वाचकहो, नऊ वर्षांच्या मुलाला हुशार म्हणणें हें चाव्यांच्या जुडग्याहून अधिक उपयोगी असतें. आम्हीं सांगून टाकलें, “कोठें तें ठाऊक नाहीं; पण आईनें लोंकरीचे मोजे दोन जोड बांधून दिले, आणि इथें तर उकडतें. म्हणजे वर डोंगरांत गेले असतील, आणि लवकर यायचे नाहींत.” असा तर्क नानांनीं ऐकला असता तर एक आणा खास मिळाला असता असें वाटून आमची छाती फुगली. मागें वळून पाहतों तों आई ओल्या हातांनीं दारांत उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें आम्हांला दंडाला धरून आंत ओढलें.

नाना तीन आठवड्यांनीं आले. आईनें त्यांना सांगितलें, तें आम्हीं पडद्याआडून ऐकलें आणि माराची तयारी ठेवली. पण त्यांनीं आम्हांला जवळ बसवून ‘मुद्राराक्षसा’च्या पहिल्या अंकांतली गोष्ट सांगितली. अमात्य राक्षस पाटलीपुत्र सोडून जातांना आपलें कुटुंब चंदनदास नांवाच्या जवाहिऱ्याच्या घरीं ठेवून जातो. चाणक्याचा हेर यमाचा चित्रपट दाखवीत, गाणीं म्हणत त्या घरांत शिरतो. पांच वर्षांचें एक मूल तो खेळ पाहण्यास बाहेर धांवतें. आंत बायकांची एकच गडबड उडते. एक बाई दारांतून हात काढून मुलाला मागें ओढते. आणि त्या घाईंत तिच्या बोटांतली अंगठी गळून उंबऱ्याशीं पडते व घरंगळत हेराच्या पायापाशीं येते. अंगठीवर राक्षसाचें नांव कोरलेलें असतें. पुढचें सारें राजकारण चाणक्य त्या एका अंगठीवर उभारतो.

“आतां सांग,” नाना म्हणाले, “चूक कोणाची?”

“मुलाची,” आम्ही म्हणालों.

“नव्हे. मूल बाहेर धांवायचेंच. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची होती. ती बायकोच्या बोटाला सैल व्हायची, हें ठेवून जाणाऱ्याला कळायला हवें होतें.”

नाटकांत अंगठीचें तें माप खरोखरच सांगितलेलें आहे. कॉलेजांत मूळ संस्कृत वाचतांना तें वाक्य आलें, तेव्हां आम्हांला पुस्तक मिटून ठेवावें लागलें. पण त्या रात्रीं आम्हांला फक्त एवढेंच समजलें कीं, मार बसला नाहीं. त्यानंतर नानांची पिशवी आमच्यादेखत कधीं भरली गेली नाहीं. मोजे किती आणि कसले, हें पाहण्याची सोयच त्यांनीं ठेवली नाहीं.

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीनचा हल्ला झाला. आठवड्याच्या आंत आईला व आम्हां मुलांना आगगाडीनें पुण्यास रवाना करण्यांत आलें; नाना मागें राहिले. पुण्यास आजोबांच्या घरीं रेडिओभोवती सारी आळी जमत असे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत से-ला गेला, बोमडिला गेलें, तेजपूर रिकामें होऊं लागलें अशा बातम्या आल्या. माणसें हळहळत, मुठी आवळीत, सोन्याच्या बांगड्या संरक्षण-निधीला देत. आणि आम्ही अंथरुणांत तोंड खुपसून मोज्यांचे जोड मोजीत असूं. कारण आम्हांला पक्कें ठाऊक होतें कीं, हें युद्ध आमच्यामुळें झालें आहे. आम्हीं पेपरमिंटवाल्याला ‘वर डोंगरांत’ असें सांगितलें, त्यानें तें कोणाला सांगितलें, आणि ते डोंगरावरून खालीं आले. यांत आम्हांला कोठेंहि चूक दिसत नव्हती. कोणाजवळ बोलावें, तर न बोलणें हाच घरचा पहिला नियम होता.

त्या तीन महिन्यांत नानांचीं दोन पोस्टकार्डें आलीं. दोहोंवर ‘सुखरूप आहे’ याखेरीज कांहीं नव्हतें, आणि शिक्के दिल्लीचे होते. आळींतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या कीं आईला खोदून खोदून विचारीत. “हिशेबाचें काम आहे, वर्षअखेर आहे,” असें ती सांगे. एक बाई म्हणाली, “आमच्याकडे वर्षअखेर मार्चांत असते हो!” सगळ्या हसल्या, आईहि हसली. ती राक्षसाच्या बायकोची अंगठी आमच्या आईनें तीसएक वर्षें वापरली. मूठ घट्ट मिटून वापरली. नानांच्या नोकरीबद्दल सरकारनें त्यांना पगार दिला आणि पुढें निवृत्तिवेतन दिलें. आईच्या मिटल्या मुठीची नोंद कोठल्याच दप्तरांत नाहीं.

आजोबांचेंहि मन त्या दिवसांत पालटलेलें आम्हीं पाहिलें. एके संध्याकाळीं वर्तमानपत्र खालीं टाकून ते स्वतःशींच म्हणाले, “अरे, आपला कान तिकडे होता ना? मग ऐकूं कां आलें नाहीं?” जो कान त्यांना जन्मभर खुपला, तो बहिरा निघाला कीं काय या शंकेनें ते व्याकूळ झाले होते. जानेवारींत नाना परत आले. हाडांवर कातडें उरलें होतें. आजोबांनीं तो प्रश्न त्यांना विचारला नाहीं. “जेवलास का?” एवढेंच विचारलें.

त्या रात्रीं आम्हीं नानांना सारें सांगितलें. बोलतांना हुंदका आवरेना. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “युद्ध एका पेपरमिंटानें होत नाहीं, बाळ.”

“मग तो माणूस कोण होता?”

“पेपरमिंट विकणारा.”

आम्हांला झोंप लागली. कित्येक आठवड्यांनंतरची ती पहिली झोंप.

मोठेपणीं मात्र त्या उत्तराकडे आम्हीं अनेकदां वळून पाहिलें. त्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनीं केली व १९६३ सालीं अहवाल दिला. सरकारनें तो अद्याप प्रसिद्ध केलेला नाहीं. पण वृत्तपत्रांनीं, विधिमंडळांनीं आणि पुढें ग्रंथकारांनीं जे प्रश्न विचारले, त्यांत एक प्रश्न हेरखात्यालाच होता : तुम्हीं पाहिलें काय, आणि सांगितलें काय? म्हणजे ज्या प्रश्नानें नऊ वर्षांचें पोर अंथरुणांत तळमळत होतें, तोच प्रश्न घेऊन त्याचा बापहि त्याच घरांत दुसऱ्या अंथरुणावर जागा असला पाहिजे. मुलाला वाटत होतें, आपण बोललों म्हणून झालें. बापाला काय वाटत होतें? आपण सांगितलें तें पुरेसें नव्हतें असें? कीं सांगितलें, पण ऐकलें गेलें नाहीं असें? तें आम्हांला कधीं कळलें नाहीं. ‘युद्ध एका पेपरमिंटानें होत नाहीं’ हें त्यांनीं आम्हांला सांगितलें, कीं आमच्या निमित्तानें स्वतःला, हा संशय मात्र वयाबरोबर वाढत गेला.

आणि तो माणूस खरोखरच पेपरमिंट विकणारा होता का? दुसऱ्या कोणाच्या बापानें असें सांगितलें असतें तर प्रश्न तेथेंच संपता. पण आमच्या बापाचें पोटच मुळीं खोटें खऱ्यासारखें सांगण्यावर चाललेलें. त्यानें दिलेलें समाधान आम्हीं कोणत्या कसोटीवर घासून पाहावें? हेराच्या मुलाला मिळालेला खरा वारसा हाच आहे. त्याला प्रेम मिळत नाहीं असें नाहीं. परंतु त्याचा पुरावा मागण्याची सोय नसते. ज्याला निरीक्षणानेंच सर्व सिद्ध करावयास शिकविलें, त्याला ही एक गोष्ट तेवढी सिद्ध न करतां स्वीकारावी लागते.

निवृत्तीनंतर नाना पुण्यास पंचवीसएक वर्षें होते. गॅलरींत भिंतीला पाठ लावून बसत. आतां बोलतील, मग बोलतील अशी वाट आम्हीं पाहिली. पण वापर नसलेलें कुलूप जसें गंजून बसतें तसें झालें होतें. ते २००९ सालीं गेले. माहितीच्या अधिकाराचा कायदा तत्पूर्वीं २००५ सालींच झाला होता. आपल्या बापाविषयीं एक अर्ज करावा असा विचार आमच्या मनांत येऊन गेला. पण त्या कायद्याच्या चोविसाव्या कलमानें परिशिष्टांतील अशीं खातीं, भ्रष्टाचाराच्या व मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून, वगळलेलीं आहेत. पुढें २०२१ सालीं निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती होऊन, अशा खात्यांतील निवृत्त माणसांनीं कामासंबंधीं कांहीं छापावयाचें तर आधीं परवानगी घ्यावी असें ठरलें. नानांनीं तो नियम, तो होण्यापूर्वींच आणि घराच्या चार भिंतींतहि, पाळला होता. कपाटांत डायरी नव्हती, पत्रें नव्हतीं. इस्त्रीचे सहा सदरे आणि लोंकरीचे मोजे होते.

तेराव्याच्या दिवशीं दोन वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं नांवें सांगितलीं नाहींत. आम्हींहि विचारलीं नाहींत. फोटो नसल्यामुळें आम्हीं पाटावर नानांचा चष्मा ठेवला होता. त्याला त्यांनीं नमस्कार केला. निघतांना त्यांतले एक आमच्याकडे निरखून पाहत म्हणाले, “पेपरमिंटाची गोष्ट ती तुमचीच ना? आणि दहावीला संस्कृतांत पहिले आलांत तेहि तुम्हीच? धाकट्या बहिणीचा पाय मोडला होता, तो नीट झाला ना हो?”

आम्ही पाहतच राहिलों. घरीं कचेरीविषयीं अक्षर न बोलणारा हा मनुष्य कचेरींत घराविषयीं बोलत असे. परीक्षेचे आकडे, मोडलेला पाय, सारें सांगत असे. आम्हांला आनंद झाला हें खरें. पण थोडा हेवाहि वाटला. ज्या नानांची आम्हीं पन्नास वर्षें वाट पाहिली, ते ह्या दोघांना रोज भेटत होते.

ते गृहस्थ दारांत वांकून बूट चढवीत होते. आमच्यानें राहवलें नाहीं. आम्हीं विचारलें, “तो माणूस कोण होता?”

त्यांनीं बुटाची नाडी पुरती बांधली. मग वर पाहून म्हणाले, “नानांनीं काय सांगितलें होतें?”

“पेपरमिंट विकणारा.”

“मग तसेंच,” ते म्हणाले, आणि जिना उतरूं लागले.